तुरुंगातला प्रॉम्टर

समोरचा माणूस बोलायला लागला की प्रॉम्टरचे ओठ हलायचे. आवाज नाही, नुसते ओठ. तुम्ही "मला वाटतं" म्हणायच्या आधी त्याच्या ओठांवर "मला वाटतं" येऊन गेलेलं असायचं. पहिल्या दिवशी मी त्याला पाहिलं आणि मनात म्हटलं, झालं, हा माणूस मंत्रबिंत्र मारतो की काय आपल्यावर! मी मुळातच काळजीखोर बाई. घराला कुलूप लावून जिना उतरले की परत वर जाऊन कुलूप ओढून बघणारी. अशा बाईच्या नशिबी काम काय आलं, तर मारहाण आणि खुनी हल्ल्याच्या गुन्ह्यांतल्या कैद्यांचा राग किती उतरला ते मोजायचं.

गोंदियाहून मी दर आठवड्याला तिथं जायची. तुरुंग कुठला ते सांगत नाही, पण आमच्या जिल्ह्यातली माणसं त्यात बरीच होती. प्रॉम्टर केशोरीच्या पुढच्या एका खेड्यातला, पन्नाशीच्या आसपासचा, उंच, जरा पुढे वाकलेला. वाकलेला कशानं, तर वर्षानुवर्षं विंगेत बसून. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर, धान घरात आलं की गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते आणि मंडईला नाटक लागतंच. नटाला रोज नवं गाव, कधी कधी रोज नवं नाटक. पाठांतराला वेळ कुणाला? विंगेतून प्रॉम्टर वाक्य टाकतो, नट ते झेलतो आणि छाती पुढे काढून प्रेक्षकांवर फेकतो. नट हुकला तर शिट्या पडतात, प्रॉम्टर हुकला तर नाटकच बसतं. ह्या माणसानं आयुष्यभर तेच केलं होतं. त्यामुळे तुरुंगात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्याला प्रॉम्टरच म्हणायचे. मला तो मॅडमबाई म्हणायचा. "एक काहीतरी म्हणा हो," असं मी चिडून सांगितलं तेव्हा म्हणाला, "मॅडम म्हनलं का दूर वाटते, बाई म्हनलं का साहेब रागावते. म्हनून दोनी."

त्याचा गुन्हा साधा नव्हता. धाकट्या भावाच्या उजव्या खांद्यावर त्यानं फावडा घातला होता. इटियाडोह धरणाच्या नहराचं पाणी, दोघा भावांच्या लागून लागून धानाच्या बांध्या, पाळी मोठ्याची आणि धाकट्यानं मधला मातीचा धुरा फोडून पाणी आपल्याकडे वळवलेलं. धाकटा वाचला, पण हात खांद्यापासून लुळा पडला. हा धाकटा म्हणजे पंचक्रोशीतला नाटकातला हिरो बरं का! त्याच्या तोंडचं प्रत्येक टाळीचं वाक्य मोठ्या भावानं विंगेतून दिलेलं.

आमच्या कार्यक्रमाला लांबलचक नाव होतं, पण सगळे त्याला रागाचा वर्ग म्हणत. आधी चाचणी, मग काही महिने वर्ग, शेवटी पुन्हा तीच चाचणी. दोन्हींत जो फरक पडेल तो म्हणजे माणसात झालेला बदल. वाचता येणारे थोडे, म्हणून वाक्य मी मोठ्यानं वाचायची. "कुणी टोमणा मारला की माझा हात उठतो." प्रत्येकापुढे तीन घागरींची चित्रं होती, एक भरलेली, एक अर्धी, एक रिकामी. राग जेवढा तेवढ्या घागरीवर खूण करायची. प्रॉम्टरनं पहिल्या चाचणीत सगळ्या खुणा रिकाम्या घागरीवर केल्या. मी म्हटलं, "अहो, कधीतरी थोडा तरी येत असेल राग?" तो शांतपणे म्हणाला, "नाई जी. मले राग येतच नाई." ज्या माणसानं सख्ख्या भावाचा खांदा फोडला तो हे बोलत होता. त्या दिवशी घरी आले आणि दाराची कडी दोनदा ओढून बघितली.

वर्गात मात्र त्याचा जीव भारी लागायचा. कुणी बोलताना अडखळला की प्रॉम्टर मागून शब्द द्यायचा. मी अडखळले तर मलासुद्धा! एकदा मी म्हणत होते, "राग येतो तेव्हा शरीरात काय होतं, तर..." आणि घोडं अडलं. मागून हळूच आवाज आला, "कानशिलं तापते." मी लगेच म्हणाले, "कानशिलं तापतात!" आणि मग लक्षात आलं की हे आपण बोललोच नाही. "तुम्ही मला प्रॉम्ट करू नका!" मी ओरडले. त्यानं कान पकडले, जीभ चावली आणि पुढच्याच वाक्याला त्याचे ओठ परत हलायला लागले.

पंधरा ऑगस्टला तर कहरच झाला. अधीक्षक साहेब गोंदिया शहरातले, घरी दारी हिंदी बोलणारे, पण त्या दिवशी हौसेनं मराठीत भाषणाला उभे राहिले. "आजच्या या... या..." करत थांबले. कैद्यांच्या रांगेतून आवाज आला, "मंगल दिनी." साहेब खणखणीत म्हणाले, "मंगल दिनी!" पुढे पुन्हा थांबले, पुन्हा रांगेतून शब्द आला, साहेबांनी पुन्हा झेलला. सगळं भाषण असंच पार पडलं. टाळ्या पडल्यावर साहेबांच्या ध्यानात आलं की आपल्याला भाषण कुणी दिलं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, ये आदमी खतरनाक है." हसत म्हणाले, पण माझ्या मनात तो शब्द बसला तो बसलाच.

वर्ग संपला, शेवटची चाचणी झाली. सगळ्यांच्या घागरी रिकाम्या! ज्यांच्या काठोकाठ भरलेल्या होत्या त्यांच्यासुद्धा. मला आनंदानं काही सुचेना. एकट्या प्रॉम्टरची उलटी तऱ्हा, पहिल्या चाचणीत सगळ्या रिकाम्या आणि आता ओळीनं भरलेल्या. साहेब म्हणाले, "बाकी सगळे सुधरले, ये एक ही बिगड गया?" त्याची सुटका जवळ आली होती. तो सुटला की जाणार कुठं, तर त्याच घरी, त्याच बांधीवर, त्याच भावाच्या शेजारी. माझा आनंद कुठल्या कुठे पळाला.

मग नियमाप्रमाणे एकेकाला खोलीत बोलावून मी प्रश्न विचारायला लागले. पहिलाच गडी, दारूच्या भांडणात शेजाऱ्याचं डोकं फोडून आलेला. मी विचारलं, "आता कुणी शिवी दिली तर काय कराल?" त्यानं तोंड उघडलं, मिटलं, मान वळवून मागे भिंतीकडे बघितलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मागे बघितलं. शेवटी काकुळतीला येऊन म्हणाला, "मॅडम, प्रॉम्टरले बलावा ना, मंग सांगतो."

कप्पाळ माझं! दुसराही तसाच, तिसराही तसाच. मग त्यांच्याच तोंडून कळलं, चाचणीच्या वेळी मी वाक्य वाचत होते आणि मागच्या ओळीत बसून हा बाबा दबक्या आवाजात सगळ्यांना "रिकामी, रिकामी" सांगत होता. मी ज्याला इतक्या महिन्यांतला बदल समजले तो एकट्या माणसाचा आवाज होता. मी त्याला समोर बसवलं आणि अशी कडाडले की बाहेरचा शिपाई डोकावून गेला. "काय केलंत हे? काऊन केलं?" रागात माझ्याही तोंडून आमची बोली निघते.

"अडून राहिले होते जी सारे," तो म्हणाला. "समोरचा अडला का माझ्या तोंडून निघतेच. मी नाई ठरवत."

"आणि तुमच्या स्वतःच्या घागरी? त्या का भरल्या?"

पहिल्यांदाच त्याचे ओठ हलत नव्हते. मग म्हणाला, "माह्या मांगं कोनी बसला नव्हता ना."

मग तोच बोलायला लागला, तुटक तुटक, एरवी इतरांना शब्द देणारा हा माणूस स्वतःला शब्द शोधत होता. "पहिल्या दिवशी तुमी इचारलं तवा मी पाठ केलेलं बोललो. चांगला मानूस बोलते तसं. आता खरं सांगतो. राग रोज येते. भात कच्चा राहिला तरी येते. भावाचा येते. माहा सोताचा सगळ्यात जास्त येते. त्या दिवशी तो धुऱ्यावर उभा राहून गजब बोलून राहिला होता, मॅडमबाई. बोल ना, बोल ना, म्हने, तोंड नाई का तुले? अन माह्यापाशी एकबी वाक्य नव्हतं. हातात फावडा होता."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. मला मात्र धडकी भरली. राग येत नाही म्हणणारा माणूस परवडला की राग रोज येतो म्हणणारा? आमच्या चाचणीला विचारलं तर ती म्हणणार, बिघडला. माझं मन म्हणत होतं, सुधारला. आणि मन हे कुणी मोजमाप धरत नाही. साहेबांना मी जाऊन सांगितलं की सगळ्यांची चाचणी एकेकट्यानं पुन्हा घ्यावी लागेल. त्यांनी कपाळाला हात लावला, पण घेऊ दिली. पुष्कळांच्या घागरी परत अर्ध्यावर आल्या. प्रॉम्टरच्या भरलेल्याच राहिल्या.

कैद्याच्या सुटकेआधी मी त्याच्या गावी जाऊन घरच्यांना भेटायचा रिवाज होता. मी त्याला विचारलं, "तुमच्या भावाला काय सांगू?" तो म्हणाला, "मी बोललो तेच सांगा. पन माह्या शब्दांत सांगा, तुमच्या नाई." गोंदियाहून वडशाच्या गाडीत बसले. सौंदड गेलं, अर्जुनीला उतरले, पुढे बस, पुढे चालत. भाताची रोवणी आटोपलेली, बांध्या हिरव्यागार. एरवी मला ते बघून गार वाटतं, त्या दिवशी मी नुसती कुणाचा धुरा कुठं फुटलाय ते बघत चालले.

धाकटा अंगणात बाजेवर बसला होता. देखणा माणूस, आवाज अजून रंगमंचावरचा. उजवा हात मांडीवर ठेवलेला, एखादी वस्तू ठेवावी तसा. बायको दारात उभी. तिच्या मागे भरलेली पेटी दिसत होती. त्यानं मला पाणी दिलं, गूळ दिला आणि दुसरं काही न विचारता म्हणाला, "मॅडम, एकच सांगा. तो आता मारते का नाई?"

मी इतकी शिकलेली, इतक्या घागरी मोजून आलेली, आणि हातातला गूळ तसाच धरून बसले! नाही म्हणाले आणि उद्या फावडा उठला तर एक माणूस जिवानिशी जाणार. माहीत नाही म्हणाले तर ह्या माणसानं घरदार, बांधी, गाव सोडायचं. बायको म्हणाली, "पेटी भरून ठेवली आहे जी. तो येऊन राहिला तं आमी माह्या बापाकडे जातो." तिच्या आवाजात भांडण नव्हतं, निव्वळ भीती होती.

"मला माहीत नाही, भाऊ," मी म्हणाले. "मी खोटं सांगणार नाही. पण तो स्वतः जे बोललाय ते सांगते." आणि मी सगळं सांगितलं, त्याच्याच शब्दांत. राग रोज येते. भावाचा येते. सोताचा सगळ्यात जास्त येते. माह्यापाशी एकबी वाक्य नव्हतं.

धाकटा ऐकत राहिला. मग त्यानं बायकोकडे बघितलं. "राग येते म्हनला? त्याच्या तोंडून?"

"हो."

"आमचा भाऊ कधी म्हनलाच नाई असं," तो म्हणाला. "त्या दिवशीबी नाई. चेहरा असा साधा. मले वाटलं याले काईच नाई वाटून राहिलं, म्हनून मी अजून बोललो. म्हनला असता का राग आला, तं मी धुऱ्यावरून उतरून गेलो असतो." तो उठला, डाव्या हातानं पेटी दारातून आत सरकवली. "रोवणी झाली आहे. धान कापेपर्यंत राहतो. मंग पाहू."

म्हणजे आमच्या चाचणीनं ज्याला बिघडलेला म्हटलं, नेमकं त्याच गोष्टीवर हा माणूस थांबायला तयार झाला. परतीच्या गाडीत मला रडू आलं. आनंदाचं नव्हे हो, भीतीचं. आता माझ्या शब्दावर ते घर थांबलं होतं.

गणपतीनंतर प्रॉम्टर सुटला. जाताना फाटकाशी मला म्हणाला, "मॅडमबाई, घाबरून राहिल्या का?" मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "मीबी." आणि बसकडे निघून गेला.

नंतर पावसानं ओढ दिली. धान पोटरीवर आलेलं आणि बांध्या कोरड्या, म्हणून नहराला पाणी सोडलं. ही बातमी वाचली आणि माझी झोप उडाली. भाजी चिरताना, अंघोळीला जाताना फोन जवळ ठेवायची. नवरा म्हणाला, "तू काय पाटबंधारे खात्यात आहेस का?" मी त्याच्यावर एवढी भडकले की बिचारा चहा न घेताच कामाला गेला. एका सकाळी फोन वाजला. धाकट्याचा नंबर. हातातलं ताट ओट्यावर टाकून मी तो उचलला.

"भाऊ नहरावर आला होता," तो म्हणाला.

"मग? काय झालं? बोला ना लवकर!"

"फावडा नाई आणला त्यानं. हातानंच माती ओढून आपल्या पाळीचं पानी वळवून राहिला होता, गुडघ्यावर बसून. मी माहा फावडा डाव्या हातात धरून उभा होतो, अन मलेच लाज वाटली."

"काही बोलला का?"

"नाई. पन ओठ हलून राहिले होते त्याचे."

माझ्या जिवात जीव आला, पण पुरता नाही. ओठ हलत होते म्हणजे काय? शिव्या होत्या की दुसरं काही? मी त्याच्यासमोर इतके महिने बसले, पण ओठ वाचायला शिकले नाही. अजूनही नहराला पाणी सुटलं की माझा जीव टांगणीला लागतो. ती सवय आता जाणार नाही.

प्रॉम्टरला मी शेवटचं पाहिलं ते दिवाळीच्या तोंडावर. त्यानं फोन केला होता, "मॅडमबाई, तालमीले या. मंडईचं नाटक बसवून राहिलो." गावच्या नाटक मंडळाचा हल्लीचा प्रॉम्टर वडशाच्या कुठल्याशा नाटक कंपनीबरोबर निघून गेला होता. आता कोण, असा प्रश्न आला तेव्हा धाकट्यानंच म्हटलं होतं म्हणे, "घरी बसला आहे ना एक." मी भर दुपारी पोचले. समाजमंदिरात एका बाजूला दोरीवर चादर टाकलेली, तीच विंग. चादरीखाली प्रॉम्टरचे पाय दिसत होते.

धाकट्याला आता हिरोचं काम नव्हतं. तो खलनायक होता आणि त्याच्या डाव्या हातात लाकडी कुऱ्हाड होती. म्हटलं, ह्या लोकांना दुसरं नाटक मिळालं नाही? समोर हिरो म्हणून गावचे मास्तर गुडघे टेकून बसलेले. धाकट्यानं कुऱ्हाड डोक्यावर उगारली, डोळे वटारले आणि वाक्य विसरला. सवयीनं कान चादरीकडे झाला.

चादरीमागून काहीच आलं नाही. प्रॉम्टर कधी हुकत नाही. मास्तर खालून मान वर करून बघायला लागले. मग आवाज आला, हळू पण स्वच्छ, "माहं चुकलं. मले माफ कर."

आणि इतक्या वर्षांची सवय! विंगेतून येईल ते झेलायचं आणि फेकायचं. धाकटा कुऱ्हाड उगारलेली ठेवून सगळं समाजमंदिर दणाणेल असा गरजला, "माहं चुकलं! मले माफ कर!"

सगळे खो खो हसले. मास्तर तर पोट धरून आडवे झाले. धाकटाही हसायला लागला होता, पण मधेच थांबला. हात तसाच वर. मग कुऱ्हाड सावकाश खाली आली. एकेक जण गप्प होत गेला.

"हे नाटकात नाई," तो चादरीकडे बघून म्हणाला.

"नाई," आतून आवाज आला.

"मंग कोनाचं वाक्य आहे?"

चादरीखालचे पाय हलले नाहीत. "माहं."

धाकट्यानं कुऱ्हाड काखेत धरली आणि डाव्या हातानं तोंड पुसलं. तो आता चादर ओढून काढतो की निघून जातो, मला कळेना. तो तिथंच उभा राहिला. त्यानं कुऱ्हाड पुन्हा हातात घेतली, पाय रोवले, मान मास्तरांकडे वळवली आणि कान चादरीकडे केला.

"पुढचं सांग," तो म्हणाला.

आणि चादरीमागून पुढचं वाक्य आलं.